सासू-सासऱ्यांना बर्फातल्या केबिनवर न्यावं का?

पत्र

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. माझे सासू-सासरे सप्टेंबरात सांगलीहून आलेत, फेब्रुवारीत परत जातील. नवऱ्याने २३ ते २७ डिसेंबर, बुधवार ते रविवार, साउथ लेक टाहोला केबिन घेतली आहे. आम्ही दोघं, ५ आणि ११ वर्षांची मुलं, आई-बाबा, आणि साक्रामेंटोहून नणंद, तिचा नवरा, १४ वर्षांचा भाचा, असे नऊ जण. बाबा ७३ वर्षांचे. बीपी आहे, पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. आई ६८ च्या, गुडघे दुखतात, कायम साडीत असतात. त्यांचं एकच पालुपद, "तुम्ही जा, आम्ही घरी राहतो." त्यांचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात, त्यातला एक नेमका तिथे येतो. आमची मिनीव्हॅन फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे आणि नवऱ्याने बर्फात कधी गाडी चालवलेली नाही. खरं सांगू? मागच्या सहलीत माझे तीनही दिवस ओट्यापाशी गेले. जावं का? गेलो तर काय काय बघावं?
एक सून

उत्तर

ताई, जा, आणि आई-बाबांना घेऊनच जा. मात्र दोन गोष्टी आधी पक्क्या करा: बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांचा होकार, आणि त्या केबिनच्या पायऱ्या. थंडीची काळजी आम्हाला सगळ्यात कमी वाटते. डिसेंबरात तिथे दुपारी ४-५ अंश असतात, रात्री पारा उणे ७-८ पर्यंत उतरतो. एवढी थंडी कपड्यांनी निभते. माणसं अडचणीत येतात ती ओल, घसरण आणि घाई यांमुळे. पुढे जे लिहिलंय ते याच तिघींना लांब ठेवण्यासाठी.

आधी डॉक्टर. टाहोचा तलाव समुद्रसपाटीपासून जवळपास १,९०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तुमची केबिन महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून अडीचशे मीटर उंच. वाटेत इको समिटची खिंड २,२५० मीटरवर. उंचीचा खरा त्रास बहुतेकांना २,५०० च्या वर होतो. १,९०० वर पहिल्या रात्री डोकं जड वाटणं, झोप तुटक लागणं, जिना चढताना धाप लागणं एवढंच सहसा होतं. पण अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या बाबतीत हे आपण ठरवायचं नसतं. सांगलीच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोला आणि नेमकं विचारा: १,९०० मीटरवर चार रात्री चालतील का, बीपीच्या गोळ्यांच्या वेळेत काही बदल हवा का, जिभेखाली ठेवायची गोळी सोबत द्यावी का. बाबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. ते घसरले आणि डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच वेळी हॉस्पिटलात न्यायचं. साउथ लेक टाहो गावात बार्टन हॉस्पिटल आहे, तिथे चोवीस तास इमर्जन्सी चालते. आई-बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय तेही निघण्याआधी वाचून ठेवा.

डॉक्टर तिथे रात्री राहायला नको म्हणाले तर बेत मोडायची गरज नाही. प्लेसरव्हिल हे गाव टाहोला जाणाऱ्या याच रस्त्यावर, हायवे ५० वर, ५७० मीटरवर आहे. तिथे मुक्काम करा आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी चार तास बर्फात जाऊन या.

आता केबिन. फोटोत तलाव आणि शेकोटी दिसते, पायऱ्या दिसत नाहीत. टाहोची बरीच घरं उतारावर बांधलेली असतात आणि रस्त्यापासून दारापर्यंत उघड्यावरच्या दहा-पंधरा लाकडी पायऱ्या सहज असतात. मालकाला आजच लिहून विचारा: गाडी लावल्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, कठडा एका बाजूला की दोन्ही, ड्राइव्हवे चढाचा आहे का, बर्फ काढायला माणूस येतो का आणि किती वाजता, तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि बाथरूम आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर आम्ही ती केबिन बदलू. आईंच्या गुडघ्यांना रात्री दोनदा जिना उतरायला लावणं बरं नाही, आणि थंडीत लघवीला जास्त वेळा उठावं लागतं. वादळामुळे रस्ता बंद झाला तर पैसे परत मिळतात का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत.

रस्त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या सहलीतला सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. टाहोभोवतीच्या सिएराच्या डोंगरात बर्फ थोडं पडत नाही. डोनर पासच्या संशोधन केंद्रात २०२२-२३ च्या हिवाळ्यात ७५४ इंच, म्हणजे १९ मीटरहून जास्त बर्फ मोजलं गेलं. २०२१ मध्ये ख्रिसमसच्या लगोलग ५० आणि ८० हे दोन्ही मोठे रस्ते बंद झाले होते. तुमच्याच तारखा. म्हणून २८ तारखेला कुणाचीही महत्त्वाची मीटिंग ठेवू नका आणि सगळ्यांची औषधं तीन दिवस जास्तीची घ्या.

मंगळवारी संध्याकाळीच निघून नणंदेकडे साक्रामेंटोला मुक्काम करा. तिथून टाहो साधारण १०० मैल, कोरड्या रस्त्यावर दोन तास. बुधवारी उजाडल्यावर चढायला लागलात तर दुपारच्या आत पोचाल. फ्रीमाँटहून ऑफिस करून निघालात तर खिंडीत अंधार पडेल. त्या दिवसांत पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो, आणि दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर काचेसारखं गोठतं. ते डांबरासारखंच काळं दिसतं, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात.

बर्फात चाकांवर साखळ्या, म्हणजे चेन, चढवायच्या सक्तीला चेन कंट्रोल म्हणतात. त्याचे तीन टप्पे आहेत. आर-१ असताना स्नो टायर असलेल्या गाडीला चेन न लावता जाता येतं. आर-२ असताना फक्त चारही चाकांवर स्नो टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्हला सूट. आर-३ म्हणजे सगळ्यांना चेन, पण तिथवर जायच्या आधी रस्ताच बंद करतात. ज्यांना सूट आहे त्यांच्याकडेही चेन गाडीत असावीच लागते. तुमच्या टायरच्या कडेला एम आणि एस ही अक्षरं असतील आणि खाचांची खोली किमान जवळपास ५ मिलिमीटर असेल, तर तो टायर इथे स्नो टायर धरला जातो. म्हणजे तुमची मिनीव्हॅन आर-१ मध्ये तशीच जाईल, आर-२ लागला की चेन लावावीच लागेल. बर्फाचं वादळ असेल तर आर-२ लागतोच असं धरून चला. मोठी गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर करार नीट वाचा. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांना चेन लावायची परवानगीच नसते.

चेन आत्ताच विकत घ्या, डोंगराच्या पायथ्याशी नाही. टायरच्या कडेला २३५/६० आर १८ असा आकडा असतो, तोच आकडा चेनच्या डब्यावर हवा. आणि एका रविवारी घरासमोर, कोरड्यात, नवऱ्याकडून दोनदा लावून घ्या. फ्रंट-व्हील ड्राइव्हला चेन पुढच्या दोन चाकांना लागते. मागच्या चाकांना लावलीत तर काही उपयोग नाही, कारण ओढणारी चाकं पुढची.

लावायची रीत अशी. चेन जमिनीवर पसरून सगळे पीळ काढायचे. आकड्यांची टोकदार बाजू बाहेर, गुळगुळीत बाजू टायरकडे. उलटी बसली तर टायर कापला जातो. चाकामागून आतली केबल वर सरकवायची आणि चाकाच्या माथ्यावर आतल्या बाजूचा आकडा आधी अडकवायचा. तो आंधळेपणानेच, बोटांनी चाचपून लावावा लागतो आणि सगळ्यांची अडचण तिथेच होते. मग बाहेरचा आकडा, मग आडव्या साखळ्या टायरवर सारख्या बसवायच्या, ताण द्यायचा, शेवटी रबराचा ताणपट्टा. लोंबणारं टोक राहू देऊ नका. ते फिरताना चाकाच्या आत आपटतं आणि ब्रेकची नळीसुद्धा तोडू शकतं. अर्धा मैल गेल्यावर थांबून पुन्हा एकदा ताण द्यायचा. ही पायरी लोक गाळतात आणि मग चेन सुटते. पहिल्यांदा तासभर लागतो, दोनदा सराव झाला की वीस मिनिटांत होतं. गाडीत भांडी घासायचे जाड रबरी हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी आणि गुडघ्याखाली घ्यायला प्लास्टिकचा तुकडा ठेवा.

चेन लावल्यावर ताशी २५ ते ३० मैल, त्याहून जास्त नाही. रस्ता कोरडा झाला की ती काढायची, नाहीतर तुटते. चेन लावायच्या जागी अंगावर नंबर लावलेले परवानाधारक लोक पैसे घेऊन ती लावून देतात. संकोच न करता त्यांची मदत घ्या. पण ते चेन विकत नाहीत, ती तुमचीच लागते. आणि लावताना आई-बाबा, मुलं गाडीतच बसतील. रस्त्याच्या कडेला मागून येणारी गाडी घसरली तर पळायला जागा नसते.

चालवण्यात फक्त एकच नवं शिकायचं आहे: सगळं हळू. ब्रेक हळू, वळण हळू, वेग वाढवणं हळू, पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या तिप्पट-चौपट. इको समिटनंतर मेयर्सकडे तीव्र उतार आहे, तो खालच्या गिअरवर उतरा. पेट्रोलची टाकी प्लेसरव्हिलला भरून घ्या. अडकलात तर इंजिन चालू ठेवून ऊब घ्यावी लागेल, पण त्याआधी कुणीतरी उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचं बर्फ काढायचं. ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो आणि त्याला वास नसतो. निघायच्या आधी कॅलट्रान्सच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याच्या, क्विकमॅप या ऑनलाइन नकाशावर रस्ता बघा. मोठा रस्ता बंद असताना फोनवरचा नकाशा जंगलातून एखादी आडवाट दाखवेल. तिथे बर्फ काढायला कुणी येत नाही, फोनही लागत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

५ वर्षांच्या बाळाला कार सीटमध्ये फुगीर जॅकेट घालून बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धडक बसली की जॅकेट चपटं होतं आणि पट्टा ढिला पडतो. पातळ फ्लीसवर पट्टा बांधा आणि जॅकेट वरून उलटं पांघरा.

कपड्यांबाबत नियम असा की अंगाला लागून सुती काही नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. आत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट. मुलांना पाचही बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा मिटन जास्त उबदार, प्रत्येकी दोन जोड, कारण एक कायम ओला असणार. बुटात दोन-दोन मोजे कोंबले की पाय गार पडतात, रक्त फिरायला जागा राहत नाही. लोकरीचा एकच मोजा आणि बोटं हलतील एवढा मोठा बूट. बाबांनी सांगलीहून माकडटोपी आणली असेल तर तीच घालू द्या. कान, कपाळ, हनुवटी, मान एकदम झाकणारी दुसरी टोपी नाही.

आईंच्या साडीचं काय? घरात खुशाल नेसू दे. परकराखाली लोकरीचं थर्मल लेगिंग, ब्लाउजऐवजी पूर्ण बाह्यांचं गळाबंद थर्मल, पायात जाड मोजे. केबिनमध्ये हीटर असतो, उकडेलसुद्धा. बाहेर मात्र साडीचा काठ बर्फावर लोळतो, दहा मिनिटांत ओला होतो, मग गोठून पत्र्यासारखा ताठ होतो आणि पायात अडकतो. आईंना हे असंच्या असं सांगा. बाहेरच्यासाठी पंजाबी ड्रेस आणि त्यावर चढवायची पाण्याला दाद न देणारी पँट घ्या. त्यांना अवघड वाटत असेल तर साडी घोट्याच्या वर नेसून निऱ्या घट्ट खोचायच्या आणि खाली तीच पँट. आजपासून रोज पंधरा मिनिटं बूट घालून घरात फिरू दे. आयुष्यभर चपला घातलेल्या पायांना जड बुटाची सवय व्हायला आठवडा लागतो.

बुटांवर चढवायचे रबराचे काटेरी पट्टे मिळतात, ते दोघांसाठी घ्याच, आणि खाली टोक असलेली एकेक काठी. बर्फावर चालताना पावलं लहान, पाय सपाट पडला पाहिजे, हात खिशाबाहेर. टाच आधी टेकवायची आपली रोजची सवयच पाडते. पायऱ्या उतरताना कठडा धरून आडवं उतरायचं. घरात शिरताना काटे दाराबाहेरच काढायचे, कारण फरशीवर आणि टाइलवर तेच काटे घसरतात. संध्याकाळी चार वाजता पायऱ्यांवर खडेमीठ टाका. उणे ९ च्या खाली मीठ फारसं काम करत नाही, म्हणून वाळूचीही एक पिशवी ठेवा. पहिल्या सकाळी ऊन येईपर्यंत आई-बाबांनी बाहेर पडायचंच नाही.

बाबा फावडं उचलतील, हे आम्ही खात्रीने सांगतो. सकाळी उठून बघतील तर ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फ काढणाऱ्या गाडीने ढकललेला कंबरभर ढीग असेल, आणि गावाकडचा माणूस हात बांधून उभा राहत नाही. त्यांना थांबवा. टाहोचं बर्फ ओलं आणि जड असतं, इथले लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात. थंडीने आधीच आखडलेल्या रक्तवाहिन्या, त्यात श्वास रोखून वजन उचलणं, यानेच हृदयविकाराचे झटके येतात. फावडं तुमच्या नवऱ्याच्या, नणंदेच्या नवऱ्याच्या आणि भाच्याच्या हातात. बाबांना काचा पुसायचं काम द्या. गाडीच्या काचेवर गरम पाणी ओतायचं नाही एवढं त्यांना सांगा, काच तडकते.

आता स्वयंपाकघर. ताई, तीन दिवस ओट्याशी उभं राहायला एवढा प्रवास करू नका. नऊ जणांत सहा मोठी माणसं आहेत. आई-बाबांना बाजूला ठेवलं तरी चौघं उरतात, म्हणजे एकेकाकडे एक दिवस. कागदावर नावं लिहा, फ्रीजवर चिकटवा आणि निघायच्या आधी ग्रुपवर टाका. तिथे गेल्यावर ठरवू म्हणाल तर तुमच्याच गळ्यात पडेल. पदार्थही असे निवडा की कुणालाही जमतील: मुगाची खिचडी, पिठलं-भात, घरून नेलेल्या भाजणीची थालीपीठं, उपीट. न शिजवता चालेल असं दोन वेळचं खाणं वेगळं ठेवा. गुळाच्या दशम्या, डिंकाचे लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी. वादळात वीज गेली की विजेची शेगडी बंद, आणि गॅसचा हीटर असला तरी त्याचा पंखा विजेवरच चालतो. तेव्हा कॅम्पिंगचा गॅस किंवा कोळशाची शेगडी कधीही घरात पेटवू नका.

त्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, भात बाहेरून मऊ आणि आत कणी राहतो. कुकर न्या, आणि घरी तीन शिट्ट्या देत असाल तर तिथे चार द्या. इलेक्ट्रिक कुकरला वेळ वीस टक्के वाढवा. छोले, राजमा नेणार असाल तर रात्रभर भिजवूनच. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, मालकाला हेही विचारून घ्या. इडलीच्या पिठाचा नाद सोडा, थंडीत ते फुगायला दीड दिवस लागेल.

फोडणीच्या धुराने धुराचा अलार्म वाजतो. ओट्यावरचा पंखा आधी लावा, खिडकी दोन बोटं उघडा, मिरची शेवटी टाका. अलार्मची बॅटरी काढायची नाही, त्यावर पिशवी बांधायची नाही. रात्री नऊ जणांचा जीव त्याच्यावर आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवर दिसत नसेल तर घरून एक छोटा घेऊन जा.

गरम पाण्याची टाकी बहुतेक ५० गॅलनची, म्हणजे साधारण १९० लिटरची असते. दहा-दहा मिनिटांचे शॉवर घेतले तर तीन-चार जणांत संपते, आणि पाचवा माणूस सहसा आजोबा असतो. घडीची बादली आणि तांब्या न्या. बादलीने आंघोळ केली की नऊ जणांचं सहज भागतं. मात्र इथल्या बाथरूममध्ये जमिनीला मोरी नसते. बादली टबाच्या आतच ठेवायची, टबात घसरू नये म्हणून रबराची चटई घालायची, आणि आई टबात पाय टाकताना कुणीतरी हात द्यायचा.

केबिनमध्ये लाकडाची शेगडी असेल तर संध्याकाळी बाबा तिथून हलणार नाहीत. आईंनी चूल पेटवलेली असेल तर ओली लाकडं धुमसतात हे त्यांना सांगावं लागणार नाही. नवीन आहे ती चिमणीची झडप. ती पूर्ण उघडी आहे ना हे हात घालून बघा, मग वर्तमानपत्राची एक सुरळी पेटवून चिमणीच्या तोंडाशी अर्धा मिनिट धरा. चिमणीतली थंड, जड हवा वर सरकली नाही तर धूर उलटा घरात येतो. खाली दोन जाड ओंडके, वर बारीक ढलप्या, सगळ्यात वर कागद, आणि पेटवायचं वरून. धूर कमी होतो. भेटवस्तूंचे चकचकीत कागद आणि रंगवलेलं लाकूड जाळू नका. निखारे असताना झडप बंद करायची नाही. सकाळची राख गार दिसते, पण निखारा आत दोन-तीन दिवस जिवंत राहतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घरापासून तीन मीटर लांब, बर्फावर ठेवायची. कागदी पिशवीत भरून कचऱ्यात टाकल्याने घरं जळाली आहेत.

रात्री गाडीत खाण्याची एकही वस्तू नको, दशमीचा डबाही नाही. टाहोची अस्वलं कचऱ्याच्या आशेने हिवाळ्यातही जागी राहतात आणि गाडीचं दार उघडायला शिकलेली आहेत. कचरा फक्त बाहेरच्या लोखंडी पेटीत टाकायचा आणि कडी लावायची. बाहेर पडताना हीटर बंद करू नका, किमान १३ अंशांवर ठेवा, नाहीतर भिंतीतले पाण्याचे नळ गोठून फुटतात.

मुलांना छपराच्या कडेखाली खेळू देऊ नका. ऊन पडलं की छपरावरचं बर्फ एकदम सगळंच्या सगळं घसरतं, आवाज येईपर्यंत खाली आलेलं असतं. मोठ्या सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवती बर्फात पोकळ खड्डा असतो, वरून दिसत नाही. झाडापासून दोन-तीन मीटर लांब. घसरगुंडीला टेलर क्रीकचा स्नो-पार्क चांगला, सपाट, आई-बाबांनाही उभं राहता येईल. परमिट आधी ऑनलाइन घ्या. घसरताना मुलांच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट, बसून, पाय पुढे.

हेवनली या स्कीच्या डोंगरावर गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, सगळे वर जातील. ती बघायची जागा २,७८० मीटरवर आहे, म्हणून बाबांनी पहिले दोन दिवस तरी जाऊ नये, आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच. तलाव खालूनही तितकाच सुंदर दिसतो. ५०१ मीटर खोल असल्याने तो गोठत नाही. चोहीकडे पांढरं आणि मध्ये गर्द निळं पाणी. दुपारी बारा ते दोनमध्ये, थर्मासमधला चहा घेऊन, काठावरच्या बाकापर्यंत दोघांना नेऊन आणा. एमरल्ड बेचा रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने वरचेवर बंद असतो, त्यावर बेत बांधू नका. परत येताना रविवारी आठपर्यंत निघा. अकरानंतर सगळं बे एरिया त्याच रस्त्यावर असतं.

राहिला गुरुवार. आईंच्या "तुम्ही जा" मध्ये आम्हाला थंडीपेक्षा संकोच जास्त ऐकू येतो. आपल्यामुळे मुलांची सहल अडेल, आपला उपास, आपले गुडघे, हा तो संकोच. त्यांना समजावत बसू नका, कामाला लावा. केबिनच्या दाराचे आणि खालच्या खोलीचे फोटो मालकाकडून मागवून त्यांच्यासमोर ठेवा आणि घट कुठे मांडायचा ते त्यांनाच ठरवू द्या. शेगडीपासून आणि हीटरच्या झोतापासून लांबचा कोपरा बघा. तुपाचं निरांजन चालेल, उदबत्ती अलार्मखाली नको. कलश, तांदूळ, सुपारी, हळदकुंकू एका डब्यात भरून तो त्यांच्या मांडीवर द्या. नारळ आणि केळी रात्री गाडीत राहिली तर नारळ आतून गोठून फुटू शकतो आणि केळी काळी पडतात, तेव्हा पोचल्या पोचल्या आधी तीच पिशवी आत. पाच झाडांची पानं टाहोला मिळायची नाहीत. मंगळवारी निघताना फ्रीमाँटलाच तोडा, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. दोन दिवस टवटवीत राहतात.